मुंबईला नेलेला तवा

तुळजाबाईनं तोंड उघडलं नाही. माझी तक्रार एवढीच आहे, अन ती लहान नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण जिथं दोन शब्द बोलायचे होते तिथं ही बाई दातखीळ बसल्यासारखी गप्प राहिली, अन तीन दिवस माझ्या हातच्या भाकरी खात राहिली.

लातूरच्या गंजात, बाजारपेठेत, आमचं तेलाचं दुकान. तुळजाचं घर मागच्याच गल्लीत. चाळीस वर्षांची आमची उठबस. तिच्या तिन्ही बाळंतपणांत तिच्या उशाशी मी होते. आमच्यातली तिसरी केवळाबाई, माहेर आमच्या आळीतलं, दिलेली नांदेडला. सुना हाताशी आल्या तसं माझ्याच डोक्यात आलं की तिघींनी एकदा मुंबई बघावी. तिकडं इंग्रजाचं राज्य, इकडं निजामाचं. माझ्या सासूनं जन्मात हद्द ओलांडली नव्हती. मला ट्राम नको होती की माड्या नको होत्या. मला समुद्र बघायचा होता. आमच्याकडं चैत्रात आडाच्या तळाला घागर खरवडते. एवढं पाणी एका जागी असतं म्हणतात ते खरं की थाप, हे डोळ्यांनी बघायचं होतं.

"पर उतरायचं कुठं?" केवळा म्हणाली.

"माझी चुलत जाऊ हाय की, सौदामिनी," तुळजा म्हणाली. "तिच्या मालकाची कापसाची दलाली हाय. घरात झुंबर हाय म्हणं, काचेचं."

"झुंबर चाटून राहायचं का आपण?" मी म्हणलं.

माझा एक नेम आहे, दोघींना पक्का ठाऊक. लिंगपूजा झाल्याबिगर पाणी नाही, अन भाकर आपल्याच हातची. म्हणून ज्वारीचं पीठ अन घरचा लोखंडी तवा मी गाठोड्यात बांधला. सोबतीला केवळाचे दीर बसलिंगप्पा होते, ते तिकडं धर्मशाळेत उतरले. आम्ही तिघी सौदामिनीच्या घरी.

पहिल्या सकाळी पूजा उरकून मी शेगडीपुढं बसले. आता आमच्यात चुलीपुढं बसलेली बाई एकटीपुरती भाकर थापत नाही. घरात माणसं असताना आपली तेवढी भाजून उठणं म्हणजे भिकारपणा. मी सगळ्या घराच्या थापल्या. भाताला सोकावलेली ती माणसं, गरम भाकरीवर तुटून पडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सौदामिनी दारातूनच म्हणाली, "बाई, आज जरा पातळ करा हं." मला वाटलं, मुंबईची बोलायची तऱ्हा असेल. सगळ्यांची पानं झाली तरी माझं पान मांडलं नाही. मला वाटलं, माझ्या नेमाचा मान राखून राहिलेत. मी अशी शहाणी! गंजात तेलाचा वास घेऊन भेसळ सांगणारी मी, अन हे मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र. मी पहाटेच उठून नवं इरकल नेसून बसले. तुळजा आली, माझ्याकडं न बघता पदराचं टोक पिळत म्हणाली, "कमळे, मोटारीत जागा न्हाई गं. तू ऱ्हा. सांच्याला सौदामिनीकडं पाव्हणे यायलेत, तुझी भाकर त्यांनाबी खायचीय."

"मग समुद्र?"

"तू उद्या बघ की."

उद्या आम्ही परत निघणार होतो. हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. तरी मी गप्प बसले, कारण दुसऱ्याच्या घरात मैत्रिणीला तोंडघशी पाडणं मला शिकवलेलं नाही. दिवस कलताना त्या आल्या. केवळाच्या पायांना ओली वाळू लागली होती. ती मी पायरीवर आपल्या हातानं झाडली अन आत जाऊन वीस भाकरी थापल्या.

निघताना सौदामिनीनं माझ्या हातावर एक लुगडं ठेवलं. वापरलेलं, काठाशी विरलेलं. मग तुळजाला म्हणाली, "वहिनी, स्वयंपाकीण चांगली मिळालीय तुम्हाला. टिकवा हो हिला."

तुळजानं झुंबराकडं बघितलं.

परतीच्या आगगाडीत मी केवळाला खिडकीशी गाठलं. "तुला म्हाईत होतं?"

"पहिल्याच दिशी सौदामिनीनं इचारलं, बरूबर स्वयंपाकीण आणली का म्हणून. तुळजा नुसती हसली."

"अन तू?"

"तिच्या जावंपुढं तिला कशी खोटी पाडू, कमळे?" केवळा रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

कुर्डुवाडीला गाडी बदलली. आपल्या हद्दीत शिरल्यावर करोडगिरीच्या, निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर सगळ्यांना खाली उतरवलं. मुंबईच्या कोऱ्या मालावर इथं जकात पडते, आपल्या नेसायच्या एखाददुसऱ्या लुगड्यावर नाही. दाढीवाल्या कारकुनानं माझं गाठोडं सोडलं अन आतून दोन कोरी लुगडी निघाली, रेशीमकाठी, घडी न मोडलेली. मी ती बांधली नव्हती.

"ये किसका माल है?" कारकून म्हणाला.

तुळजा लगबगीनं पुढं झाली. "तिचंच हाय, साहेब. घरात नेसायचं. आम्ही मैत्रिणी हाव, चाळीस वर्सांच्या. समदं सारखंच घेतलंय बगा."

चाळीस वर्षांच्या! नाक्यावर बरी आठवली. बसलिंगप्पा खाकरून बाजूला सरकले. कारकून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला. "बोलो, माँजी. आपका है?"

मी गाठोड्यापुढं बसले. दोन कोरी लुगडी उचलून तुळजाच्या हातात दिली. वर ते विरलेलं ठेवलं. तवा तेवढा काढला अन पदरानं पुसला.

"साहेब, ही दोन हिची. वरचं जुनं बी हिचंच, हिच्या स्वयंपाकिणीला मिळालेलं. ती कोण ते हीच शोधंल अन तिला देईल. माझा हा तवा. ह्याच्यावर जकात असंल तर लावा."

"कमळे, लोकं बघायलेत," तुळजा पुटपुटली.

"बघू दे की! मुंबईत आपलं कुणी बघंना म्हणून तर तू गप ऱ्हायलीस." मी उभी राहिले. सगळा फलाट ऐकत होता, अन ऐकावं म्हणूनच मी आवाज चढवला. "तुळजे, तुझ्या जावंच्या घरी मी आनंदानं वर्षभर भाकरी थापल्या असत्या, नुसतं एकदा म्हणली असतीस की ही माझी कमळा हाय. तेवढं तुझ्या तोंडून निघालं न्हाई. झुंबराखाली तुला माझी लाज वाटली, अन जकात चुकवायला मैत्रीण पायजे झाली. आता ऐक. तेल संपलं की दुकानावर यायचं, गिऱ्हाइकासारखं उंबऱ्याबाहेर उभं ऱ्हायचं, माप घ्यायचं अन वाटंला लागायचं. माझ्या चुलीपाशी तुझा पाट न्हाई."