शालीखालची घंटी

"माझ्या हातात घंटी असली ना, तर मंत्री बी दोन मिनिटांत खाली बसतोय," रंगनाथ सर सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाले. "साडेदहाला मेळावा सुरू, अकराला तपासणी. तुझा नंबर पयला."

अनसूयाबाईंच्या छातीत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागून चार महिने झाले होते. दोन महिने पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून गेले, पुढचे दोन महिने सरांनी 'बघू की' म्हणून घालवले. आज परभणीहून डॉ. मधुवंती जिंतूरला येणार होत्या, आणि एकच्या ठोक्याला परत निघणार होत्या.

सर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पेशीला 'वाढ' म्हणणारे जीन वेगळे आणि 'बास' म्हणणारे वेगळे, हे त्यांनी तेवीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. बास म्हणणारा जीन बाकीच्या जीनांवर हुकूम सोडतो. तू बंद हो, तू चालू हो, तू आधी मोडलेलं दुरुस्त कर. तो गप पडला की पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटतात, आणि गाठ बनते. हे बायकांना समजावं म्हणून सरांनी शाळेतली पितळी घंटी आणली होती. कोणी लांबण लावली की घंटी. घंटी म्हणजेच तो जीन. हे शेवटी सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असा बेत.

मेळावा महिला मंडळाचा होता, सूत्रसंचालन सरांकडं. मंडळाचे अध्यक्ष तात्याराव. फलकावर स्तन हा शब्द नको, आपल्याला गावात तोंड दाखवायचंय, असं त्यांनी बजावल्यामुळे 'महिलांचा तो आजार' एवढंच छापलं होतं. खाली लगेच तात्यारावांचा फोटो.

डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत पडदा लावून बसल्या. तपासणी भाषणं झाल्यावर, हा अध्यक्षांचा नियम. तात्याराव प्रास्ताविकाला उभे राहिले आणि आजारावरून जे निघाले ते येलदरीच्या रस्त्याच्या डांबरीकरणाला जाऊन लागले. सरांनी घंटी वाजवली.

तात्याराव प्रेमानं हसले. "सर लय शिस्तीचा मानूस. अशा मानसाचा सत्कार पयला झाला पायजे."

शाल आली, हार आला, नारळ आला. शाल मंडळाचीच, कार्यक्रम संपला की शिपाई बालाजी ती गोळा करून पेटीत टाकायचा. आता सत्कार करणाऱ्यानं दोन शब्द बोलायचे असतात. त्याचा परिचय कोणीतरी करून द्यायचा असतो. परिचय करून देणारा सत्काराविना राहिला, तर तो वर्षभर बोलत नाही. वक्ते एकाचे दोन झाले, दोनाचे चार. सरांनी घंटीकडं हात नेला की कोणीतरी आणखी एक हार घालायचं. बारा वाजेपर्यंत टेबलावरची घंटी दोन शाली, चार हार आणि तीन नारळांच्या खाली गेली होती, आणि सर फोटोसाठी हसत होते.

तेव्हा त्यांना फळ्यावरची दुसरी आकृती आठवली. काही गाठींमध्ये बास म्हणणारा जीन मोडलेला नसतोच. धडधाकट असतो. त्याच्यावर नुसत्या बारीक रासायनिक टिकल्या चिकटत जातात, तो झाकला जातो आणि गप बसतो. ही आकृती परीक्षेत चार मार्कांना यायची.

साडेबाराला अनसूयाबाई उठून स्टेजजवळ आल्या.

"अवो, वाजवा की घंटी."

"सत्कार चालूय. बरं दिसत न्हाई."

"मला गाठ हाय, अन् तुमाला दिसन्याचं पडलंय?"

"हळू बोल. माईक चालूय."

माईक चालूच होता. दीडशे बायकांनी ऐकलं. पुढच्या रांगेतल्या सरजाबाई, बाजारात भाजी विकायच्या, उठून उभ्या राहिल्या. "मास्तरीणबाई, मला बी हाय वो. कुटं दाखवायलेत? चला."

त्यांच्यामागं रांगच्या रांग उठून पडद्याकडं गेली. तात्याराव रिकाम्या खुर्च्यांना एक वाजेपर्यंत मार्गदर्शन करत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी तेवढ्या वेळात नऊजणी तपासल्या. सरजाबाईंची गाठ साधी निघाली. अनसूयाबाईंना मात्र त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. "सोमवारी परभणीला या. ही दाखवली की त्याच दिवशी फोटो काढून सुईनं तपासू. चिठ्ठी नसेल तर महिनाभर नंबर लागत नाही."

"जपून ठेवा," अनसूयाबाई सरांना म्हणाल्या.

सरांचे दोन्ही हात नारळांनी भरले होते. त्यांनी चिठ्ठी अंगावरच्या शालीच्या घडीत जपून ठेवली, आणि पाच मिनिटांनी बालाजीनं शाली गोळा केल्या.

रविवारी देवगाव फाट्यावर एका पतसंस्थेचं उद्घाटन झालं. तिथल्या चेअरमनना तात्यारावांनी सरांच्या अंगावरची तीच शाल घातली. चेअरमनना शाल आवडली. ती पांघरूनच ते दुपारच्या गाडीनं तिरुपतीला गेले.