पालथी चप्पल

मी एक जुनी श्रेयनामावली आहे. मित्रांनो, तांता शहरातल्या उघड्या थिएटरात माझ्यामुळे सगळी माणसं एका विनोदी चित्रपटाला रडली. पण तसं काही घडलंच नाही असं समजा. मी सुरुवातीपासून सांगते.

चित्रपटाच्या आरंभी जी नावं येतात, ती मी. माझा जन्म कैरोच्या एका स्टुडिओतला. दिग्दर्शकाला नावांमागे गुलाब हवे होते. अक्षरं काढणारे उस्ताद रिफअत म्हणाले, "गुलाब दिसले की लोक पुडीतल्या खारवलेल्या बिया सोलत बसतात. पालथी चप्पल ठेवा. मग बघू कुणाचा हात पुडीत जातो ते."

म्हणून एक निळं बंद दार, दारापुढे बाईच्या दोन चपला, त्यातली एक पालथी, तळ आभाळाकडे. आमच्याकडे अशी चप्पल कुणालाच बघवत नाही. भांडणारी माणसंसुद्धा भांडण थांबवून आधी ती सरळ करतात आणि मग पुढे भांडतात. इथे मात्र नायिकेचं नाव आलं, नायकाचं आलं, केस विंचरणाऱ्याचंही आलं, तरी चप्पल पालथीच. या घरात काहीतरी बिनसलंय, हे लोकांना तेवढ्यातच कळायचं. शेवटी दार किलकिलं होई, एक हात चपलेकडे येई आणि मी संपे.

पुढे काय होई, मला ठाऊक नाही. यंत्रातून मी सगळ्यांआधी धावून खालच्या रिकाम्या रिळाच्या गाभ्याशी जाऊन बसे आणि उरलेली सगळी गोष्ट माझ्याच अंगावर गुंडाळली जाई. हुंदके ऐकू येत. दिसत काहीच नसे. ती चप्पल सरळ झाली का, एवढंच मला हवं होतं.

पहिली काही वर्षं लोक माझ्यासाठी वेळेवर येत. मग आम्ही तांताला आलो. थिएटरचे मालक झनाती म्हणाले, "नावं कोण वाचतं? ही काय मतदार यादी आहे?" यंत्र चालवणाऱ्या मितवल्लीकाकांनी मला कापून हलव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. माझा चित्रपट मला न घेताच पुढच्या गावी गेला. डब्यात मुंग्या यायच्या, मला हुंगून परत जायच्या. तेवढीच सोबत.

एका उन्हाळ्यात सुरुवात फाटलेला एक चित्रपट आला. सलाम न करता कुणाच्या घरात शिरू नये म्हणून काकांनी मला त्याच्या आरंभी जोडलं. मला वाटलं, माझाच परत आला.

बिया सोलायच्या थांबल्या. पुढचं मला काकांच्या बोलण्यातून कळलं: एक जाडा नवरदेव रश्श्याच्या पातेल्यात पडला. कुणी हसलं नाही.

"बिचारा," एक बाई म्हणाली, "दारात चप्पल तशीच पडलेली. दुसरं काय होणार?"

तो गाढवावरून पडला तेव्हा लोकांनी डोळे पुसले. लग्न लागलं तेव्हा तर हुंदकेच. खेळ संपल्यावर नफीसा पुढे आली. ती बिया विकायची आणि त्या दिवशी तिची टोपली भरलेलीच होती. "काका, ते दार पुन्हा लावा," ती म्हणाली. काकांनी लावलं. नफीसा बाकावर चढली, पडद्यापाशी हात लांबवला. चप्पल तिच्या मनगटावर उमटली, पालथीच.

"होत नाही हो, काका."

झनाती म्हणाले, "मितवल्ली, हसायला आलेल्यांना रडवून घरी धाडलंस. उद्या मयताला विदूषक आण." मी पुन्हा डब्यात गेले. हल्ली मुंग्याही येत नाहीत.

मित्रांनो, चित्रपटाला वेळेवर जात जा. सुरुवातीला कुणीतरी तुमची वाट बघत असतं.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस विनंती करण्यात येते की, सदर चप्पल पुढे सरळ झाली किंवा कसे, हे अर्जदारास लेखी कळवावे. मूळ चित्रपट उपलब्ध नसल्यास, पडद्याजवळून जाणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याने ती स्वहस्ते सरळ करावी आणि तसा शेरा हलव्याच्या डब्यावर, आतल्या बाजूने, मारावा.