उणे दोन

सकाळी नऊला रेडिओचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. रेडिओ म्हणजे आमच्यातला एक ड्रमवाला. गाण्यांच्या पाच ग्रुपांत वाजवतो आणि एका ग्रुपची बातमी उरलेल्या चारांत संध्याकाळच्या आत पोचवतो, म्हणून रेडिओ. मनाने वाईट नाही, पण पोटात काही राहत नाही.

"आज मोकळी आहेस का?" तो म्हणाला. "अप्पांच्या ग्रुपचा बेस गिटारवाला पहाटे ॲडमिट झालाय. बाराला कार्यक्रम आहे, कारखान्याचा वर्धापनदिन, ड्रमला मीच आहे. मी तुझं नाव सांगून टाकलंय. कान बरा आहे ना आता?"

"बरा आहे," मी म्हटलं.

हा कान म्हणजे माझ्या जिवाला लागलेला घोर. आठ महिन्यांपूर्वी माझा डावा कान अचानक बसला. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, ऐकू यायला लागलं. पण मध्ये काही आठवडे असे गेले की एकच सूर एका कानाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा ऐकू यायचा. हे मी माझ्या ग्रुपला प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच माती खाल्ली. "तू आराम कर," असं म्हणत त्यांनी माझ्या जागी दुसरा बेसवाला घेतला. त्या ग्रुपात ड्रम वाजवायला रेडिओच होता. महिन्याभरात मला कुणी बोलवेनासं झालं.

कान बरा होऊन पाच महिने झालेत. रोज सकाळी मी आधी कानाने तार लावते, मग सूर दाखवणाऱ्या मशीनवर बघते. एकदाही चुकलेली नाही. पण हे माझ्या खोलीतल्या भिंतींना माहीत, बाकी कुणाला नाही. आज रेडिओने मला धड वाजवताना ऐकलं की काम झालं. त्याच्याहून मोठी जाहिरात मला परवडणारी नव्हती. आणि त्याच्यासमोर बिघडलं, तर मी कायमची घरी बसणार होते.

अप्पांच्या मुलीने गाण्यांची यादी फोनवर पाठवली. चौदा गाणी, सगळी जुनी, प्रत्येकापुढे पट्टी लिहिलेली. दीड तासात मी सगळी एकदा वाजवून घेतली. साडेदहाला त्यांची गाडी दारात आली.

गाडी अप्पाच चालवत होते. ग्रुपचे मालक आणि गायक, सत्तरीचा माणूस, काळे केलेले केस, इस्त्रीचा कोट मागे टांगलेला. शेजारी मुलगी, ती कीबोर्ड वाजवते. मागच्या सीटवर जावई, तो गिटार वाजवतो, आणि त्याच्या शेजारी मी. या तिघांना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पायाशी आजारी बेसवाल्याची गिटार होती. "ही वापरा ना ताई, उगाच तुमची कशाला काढता," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, मला माझ्याच गिटारची सवय आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण अप्पांकडे बघून गप्प बसली.

"सगळं यादीप्रमाणेच ना?" मी विचारलं.

"माझ्या ग्रुपमध्ये गाणं मूळ पट्टीतच होतं, बाई," अप्पा आरशातून बघत म्हणाले. "चाळीस वर्षं. पट्टी उतरवून गाणारे वेगळे."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. जावई बोटांची नखं बघत होता.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा स्टेजवर सत्कार चालू होते. आवाज तपासायला वेळच मिळाला नाही. माइकमध्ये एक-दोन-तीन म्हणून झालं, रेडिओने दोन ठोके मारले आणि पडदा सरकला. समोर तीनशे माणसं. पहिलं गाणं पांढरी दोनच्या पट्टीत. रेडिओने काठ्या आपटून चार मोजले आणि आम्ही सगळे एकदम सुरू झालो.

माझा सूर एकीकडे, बाकीच्यांचा दुसरीकडे. पहिली शंका मला माझ्या बोटांची आली. बघितलं, बोटं बरोबर होती. मग मुलीच्या हाताकडे बघितलं. तिचा हात पांढरी दोनवरच होता. जावयाचा हातही तिथेच. तिघांचे हात एका जागी, आणि तरी माझा कान ओरडून सांगत होता की हे सगळे खाली आहेत.

मला गिटारच्या दांडीवर दोन पडदे खाली सरकता आलं असतं. कुठल्याही बऱ्या बेसवाल्याने दोन मात्रांत तेच केलं असतं. मी नाही केलं. कारण मला वाटलं, परत आलं ते. कान परत गेला. आता मला जे जुळलेलं वाटेल ते फक्त मलाच जुळलेलं वाटेल. हात खोटं बोलत नाहीत, असं मला वाटलं, आणि मी आवाजाचं बटण पिळून शून्यावर आणलं. नुसती बोटं हलवत उभी राहिले.

गाणं संपलं. अप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि माइकमध्ये म्हणाले, "आमच्या बाई आल्यात, पण त्यांचा सूर अजून गाडीतच बसलाय. येईल हळूहळू."

हॉल हसला. रेडिओने हसत हसत झांजेवर एक फटका मारला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की ते हसणं परवडलं. कीव होती त्याच्या डोळ्यांत.

पुढची सहा गाणी मी मुकी वाजवली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

मग मॅनेजरसाहेबांचं भाषण लागलं. अप्पा पाणी प्यायला विंगेत गेले, रेडिओ चहाच्या टेबलाकडे. मी स्टुलावरचा रुमाल उचलायला वाकले आणि कीबोर्डवरची छोटी स्क्रीन समोर आली. त्यावर आकडा होता, उणे दोन.

ज्यांना कीबोर्ड माहीत नाही त्यांना सांगते. एक बटण असतं. ते दाबलं की बोटं पांढरी दोनवर ठेवायची आणि सूर निघतो पांढरी एकचा. मी जावयाची गिटार उचलून तार छेडली. तीही तेवढीच उतरवलेली. तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलीला मी दंडाला धरून मागच्या बोळात नेलं. तिथे मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या. "हे काय आहे?" मी विचारलं.

तिने आधी दार लोटलं. "ताई, हळू बोला. बाबांना माहीत नाही." तीन वर्षांपूर्वी अप्पांचा आवाज वर चढेना. तिने आधी उणे एक केलं, गेल्या वर्षी उणे दोन. अप्पा प्रत्येक गाण्याच्या आधी तिच्या बोटांकडे बघतात, त्यांनीच शिकवलंय तिला, म्हणून बोटं जिथल्या तिथे. जावई तारा घरूनच उतरवून आणतो. बेसवाले काकाही सामील. ड्रमला पट्टी नसते, म्हणून रेडिओला पत्ताच नाही. "पट्टी उतरवली हे कळलं तर बाबा गाणं सोडतील," ती म्हणाली. "आणि गाणं सोडलं तर ते जगायचे नाहीत."

"मला का नाही सांगितलं?"

"काकांची गिटार उतरवून लावलेलीच होती. म्हटलं तुम्ही तीच घ्याल."

"मी कुणाचीही गिटार हातात घेतली की आधी सुरात लावते. तेव्हाही हेच झालं असतं. हातात फोन होता ना तुझ्या? यादी पाठवलीस, त्याखाली एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

"फोन बाबांच्या हातात असतो कधी कधी," ती म्हणाली. मग रडायला लागली.

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. "बापाची लाज राखायला तुला माझी काढावी लागली," मी म्हटलं. "सहा गाणी मला वाटत होतं माझा कान गेला. तुला दिसत होतं ना मी आवाज बंद केलेला?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"कार्यक्रम संपल्यावर रेडिओसमोर सांगायचं. अप्पांना सांगू नकोस हवं तर. पण रेडिओला सांगायचं, तो जायच्या आत." ती हो म्हणाली. शपथ घेतल्यासारखी दोनदा म्हणाली.

उरलेली सात गाणी मी दोन पडदे खाली वाजवली, आवाज पूर्ण उघडून, एकेक सूर ठोकून. राग असला की बेस बरा वाजतो. अप्पा खूश झाले. माइकमध्ये म्हणाले, "भाषण ऐकून बाईंचे कान उघडले." परत हॉल हसला. मॅनेजरसाहेबसुद्धा हसले.

पडदा पडला. रेडिओला पाचला दुसरीकडे जायचं होतं, तो भराभर ड्रम पिशव्यांत भरत होता. मी मुलीकडे बघितलं. ती वायर गुंडाळत होती. गुंडाळलेली सोडली, परत गुंडाळली. एकदाही तिने मान वर केली नाही. रेडिओ शेवटची पिशवी खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवर थोपटलं आणि गेला.

तेव्हा मी सरळ अप्पांकडे गेले. ते कोट काढून घडी घालत होते.

"अप्पा, तुमचा ग्रुप दोन पट्ट्या खाली वाजवतो."

ते घडी घालतच राहिले. "माहीत आहे मला," हळूच म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. गळा माझा आहे, बाई, मला नाही कळणार? तिला वाटतं मला माहीत नाही. त्यात तिला समाधान आहे. तसंच राहू द्या."

"मग माइकमध्ये काय बोलत होतात?"

"काहीतरी बोलावं लागतं. नाहीतर तिला संशय आला असता."

मागे काहीतरी आपटलं. मुलगी कीबोर्डचा स्टँड घेऊन उभी होती, तो तिच्या हातून सुटला होता.

"पहिल्या दिवसापासून?" ती म्हणाली. "बाबा, मी तीन वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला तुमच्या नजरेला घाबरत वाजवते."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. माइकपाशी गेले. तो चालूच होता. "बाईंचा कान बरोबर होता," ते म्हणाले. "चूक आमची होती." आवाज हॉलभर फिरला. खाली माणूस नव्हता, नुसत्या खुर्च्या. मग ते माझ्याकडे वळले, झालं ना आता, अशा चेहऱ्याने.

मी धावत बाहेर गेले. रेडिओची गाडी निघून गेली होती. फोन वाजला, त्याचाच मेसेज. "वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी सावरलंस, पण कान परत एकदा दाखवून घे. मी बाकीच्यांना सांगून ठेवतो, तुला सध्या बोलवू नका म्हणून. उगाच ताण नको तुझ्यावर."

काळजीनेच लिहिलं होतं त्याने. मला ते तिथेच उभं राहून तीनदा वाचावं लागलं.

मी परत आत आले. बापलेक एकमेकांपासून चार हात लांब, स्टेजच्या कडेला बसले होते. एरवी मी बाहेर थांबले असते. मी रेडिओला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन अप्पांच्या हातात दिला. रिंग वाजत होती.

"मी काय सांगू त्याला?" अप्पा म्हणाले. "उद्या सगळीकडे होईल."

"होऊ दे. आज माझं झालंय. खुर्च्यांना सांगितलंत तेच सांगा."

अप्पांनी मुलीकडे बघितलं. तिने फोन त्यांच्या हातातून घेतला नाही.

"हॅलो," पलीकडून रेडिओ म्हणाला. अप्पांनी घसा साफ केला.