पाकिटावरची नावं

पाकिटावर नाव असतं हे मला कळलं, तिथूनच माझी झोप उडाली. आमचे हे देवपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. डोंगरातली दगडफुलं आणायची, वाळवून कागदी पाकिटांत ठेवायची, वर गाव, तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा उद्योग. छप्पन साली मी ते कपाट पहिल्यांदा पाहिलं. चुडामण पाटील, म्हणजे हे, आणि शेजारी प्रमिला महाजन. पुढच्या पाकिटावर पुन्हा तेच.

प्रमिलाबाई ह्यांच्या हाताखाली नोकरीला होत्या. बाई सालस, नावं ठेवायला जागा नाही. त्यामुळे माझा जळफळाट जास्तच व्हायचा.

ह्यांना दगडफुलाची एक जात हवी होती, वाळवंटातल्या उघड्या डोंगरांवर उगवणारी. राजस्थानातून आलेला तिचा एकच नमुना कपाटात होता. आपल्या खानदेशात ती साक्रीकडे मिळेल, असं ह्यांना वाटे. साक्री माझं माहेर. "या खेपेला मीही येते," मी म्हटलं. ह्यांनी फक्त जाड चपला घालायला सांगितलं.

डोंगरावर प्रमिलाबाई खालच्या उतारावर शोधत होत्या, हे वर. मी दमून कातळाला टेकले, तर डोळ्यांसमोरच तो राखाडी डाग, कडेला पिवळसर, थेट कपाटातल्यासारखा.

"अहो, आठे देखा," मी त्या डागाकडे बोट दाखवलं.

ह्यांनी भिंग लावलं. "हीच ती," म्हणाले. हे दगडफूल खरवडून निघत नाही, दगडासकटच काढावं लागतं. ह्यांनी प्रमिलाबाईंना हाक मारून वर बोलावलं. त्यांनी छिन्नी धरली, ह्यांनी हातोडी मारली. मी पाण्याची बाटली धरून उभी.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राचार्यांसकट सगळे पाहायला जमले. प्रमिलाबाई पाकीट लिहायला बसल्या.

"वहिनी, आधी कोणाला दिसलं हो?"

चार लोकांत 'मला' म्हणायची आमच्यात रीत नाही. आपण 'ह्यांना' म्हणायचं आणि ह्यांनी 'छे, हिलाच' म्हणून खोडून काढायचं.

"ह्यांना," मी म्हटलं, आणि वाट पाहिली.

ह्यांनी भिंगावरून मान वर केली नाही.

"छिन्नी मी धरली होती. माझंही लिहू का, सर?"

"लिहा ना. नेहमीसारखं."

माझ्या माहेरचा दगड, माझे डोळे, आणि नावं त्या दोघांची. असा संताप आला की पाकीट चुलीत घालावं.

"नशीबवान आहात, वहिनी," प्राचार्य म्हणाले.

मी पदर सावरला आणि "हो" म्हणाले.