गल्लीत कोण कुठलं

सगुणाबाई केदारखेड्याहून जालन्याला मुलाकडं राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांनी सगळ्या गल्लीची चौकशी मांडली. नळाला पाणी आलं, की हंडा लावून दारात उभ्या राहायच्या आणि दिसेल त्याला विचारायच्या, "गाव कंचं तुमचं? काम काय करता?"

सून आकांक्षा बियाण्याच्या कंपनीत होती. तिला अवघडल्यासारखं व्हायचं. "आई, शहरात असं विचारत न्हाईत."

"मंग कळावं कसं, कोण कुठलं ते?"

कळत मात्र गेलं. किराणावाल्या शांतिलालशेठचे पणजोबा राजस्थानातून आले होते. समोरचा रिक्षावाला जाफराबादचा. शेजारची रिंकूदेवी तर थेट बिहारची; नवरा सळ्यांच्या कारखान्यात भट्टीवर. मूळ जालन्याचं कुणी सापडेना, याचंच सगुणाबाईंना नवल.

एक दिवस रिंकूनंच उलट विचारलं, "मौसी, तुमचं गाव कसं हाय? इत्के साल झाले, मी इथं शेतच न्हाई देखलं."

सगुणाबाईंना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. रविवारी त्यांनी तिला घेऊन केदारखेड्यावरून जाणारी भोकरदनची एसटी पकडली.

कापसाच्या शेतात शिरताच रिंकूनं बोंड उकललं, सरकी दातानं फोडून पाहिली. तिच्याकडं धान पिकायचं. झाडावरचा कापूस ती पहिल्यांदाच बघत होती. मग गावातून फिरताना ती कुलूप लावलेल्या घरांपाशी थांबू लागली.

"यांचे लोक कुठं गेले?"

"हे पुण्याला, गाड्यांच्या कारखान्यात. ती दोघं संभाजीनगरला. अन् द्वारकाबाई लेकीकडं, नाशिकला." सगुणाबाईंनी द्वारकाबाईच्या दाराचं कुलूप हलवून पाहिलं. तिथल्या गल्लीत द्वारकाबाईला कुणी गाव विचारत असेल का?

"आमच्याकडं बी असंच," रिंकू म्हणाली. "मर्द सारे बाहर."

"कुठं कुठं?" सगुणाबाईंनी तिथंच पायरीवर बसकण मारली.

"सुरत. लुधियाना."

"लुधियान्यात काय बनतं?"

"स्वेटर. माझा भाई मशीनवर हाय."

"एका दिवसात किती विणतो? लोकर कुठून आणतात?"

रिंकूला ठाऊक नव्हतं. तिनं भावाला फोन लावला. तेवढ्यात भावकीतला पुंजाराम हाका मारत आला, "वैनी, गाडी गेली की तुमची!"

"जाऊ द्या भाऊजी, मागून दुसरी येईल. तुम्ही बी बसा," सगुणाबाई फोनकडं सरकत म्हणाल्या. "हिचा भाऊ लुधियान्याहून सांगून राह्यलाय."