कोळशाने सोडलेलं

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासणाऱ्या ताईंनी सकाळचा आकडा तीनदा पाहिला. विहिरीच्या पाण्यात जुन्या कारखान्यातलं थोडं द्रावक, यंत्रांचं तेल धुवायचं रसायन, मुरलेलं असायचं. कोळशाच्या टाकीत ते अडकायचं आणि पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडायचं. आज मात्र आत जाताना होतं त्याहून जास्त द्रावक बाहेर येत होतं.

साहेबांना ते काही पटेना. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येईल, असं म्हणून त्यांनी बाटल्यांची अदलाबदल झाल्याचा निकाल देऊन टाकला. मागच्या वर्षी ताईंच्या हातून तसं एकदा झालंही होतं, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. पण मन थाऱ्यावर राहीना. त्यांनी सरळ व्हॉल्व्हमन मामांना गाठलं आणि शहराकडे जाणारं पाणी अडवायची गळ घातली. शहराला वरच्या टाकीतलं जुनं पाणी संध्याकाळपर्यंत पुरणार होतं. मामांनी साहेबांना न विचारता चाक फिरवलं.

"मामा, कालपासून काय बदललंय?"

"विहीर खाली गेलीय, ताई. रात्रपाळीपासून तळ्याचं पाणी मिसळतोय."

तळ्यात कुजलेल्या पानांचा खच होता. ताईंनी टाकीतलाच कोळसा दोन काचनळ्यांत भरला. एकीतून नुसतं विहिरीचं पाणी सोडलं, दुसरीतून मिसळलेलं. जेवणाची सुट्टी झाली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. दुपारी पहिल्या नळीतून पाणी स्वच्छ आलं. दुसरीतून द्रावक आलं, तेही आत सोडल्याच्या दीडपट.

त्यांनी दोन्ही आकडे साहेबांपुढे ठेवले.

"साहेब, कोळशावर जागा मोजकीच असते. पानांतले काही रेणू तिथे जास्त घट्ट चिकटतात. आधी बसलेल्या द्रावकाला ते उठवतात. कित्येक महिन्यांचं साठलेलं आता सुटतंय."

"म्हणजे बळी तो कान पिळी," साहेब पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उतरला. "शहरात किती गेलं?"

"थेंबही नाही. रात्रीपासूनचं सगळं खालच्या साठवणीतच आहे. मामांनी सकाळीच बंद केलंय."

 सकाळी आपण ऐकायला हवं होतं, एवढंच साहेब म्हणाले.

तळ्याचं पाणी तोडलं, खालच्या साठवणीतलं ओतून दिलं, नव्या कोळशाची राखीव टाकी जोडली. दिवस कलताना तपासणी झाली, तेव्हा द्रावकाचा मागमूस नव्हता. मामांनी चाक उघडलं आणि पाणी खळाळत निघालं. ताई पायरीवर टेकल्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, हे त्यांना आत्ता आठवलं. मामांनी आपला डबा पुढे सरकवला, आणि ताईंनी आढेवेढे न घेता झाकण उघडलं.