सटवाजीचा अर्धा फोटो

साक्षीने भिंतीवरचा फोटो काढायला हात वर केला, तशी खाटेजवळ भिवा आबांची काठी आपटली.

"हात लावू नको म्हनलं ना!"

फोटो आबांच्या वडलांचा, सटवाजीचा. दिसायचा फक्त छातीपर्यंत. खालचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकलेला. सटवाजी जालन्याच्या एका गोऱ्या साहेबाबरोबर विलायतेला गेला आणि १९३७ साली तिथून स्पेनला. तिथे यादवी पेटली होती. लष्कराने सरकारविरुद्ध बंड केलं होतं आणि सरकारच्या बाजूने उभे राहायला देशोदेशीचे स्वयंसेवक जात होते. सटवाजी टेंभुर्णीला परतला तो एवढा एक फोटो घेऊन. आता स्पेनमधलं एक गाव त्या परदेशी माणसांची नावं भिंतीवर कोरणार होतं. नावासोबत घरच्यांनी लिहिलेली हकिगत आणि पूर्ण फोटो हवा होता. उद्या शेवटचा दिवस.

"मंग लिही ना, शिपाई होता. बंदूक चालवली त्यानं." दर चौदा एप्रिलला आबा माईकवर हेच सांगत.

"आबा, त्यांच्या यादीत स्वयंपाकी लिहिलंय."

"यादी खोटी."

साक्षी बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शंभर दाण्यांतले सत्त्याण्णव उगवले तर सत्त्याण्णवच लिहायचे, अठ्ठ्याण्णव नाही. ती खाटेसमोर फतकल मारून बसली. "मी शिपाई लिहिणार न्हाई. आन् फोटो घेतल्याबिगर उठणार बी न्हाई."

"तुमच्यावरच गेली, मामंजी," भाकरी थापता थापता तिची आई बेबीनंदा म्हणाली. "बसा आता दोघं."

दोघं बसले. आबांचा चहा निवला, त्यावर साय धरली.

"शाळेत पोरं म्हनायची, तुझा बाप गोऱ्यांची भांडी घासायला गेल्ता," शेवटी आबा बोलले. "एकदा म्हनलं, बंदूक होती त्याच्यापाशी. समदे गप्प झाले. मंग तेच चालू राह्यलं."

"मग हातात खरं काय होतं?"

"बादली." आबांनी मान खाली घातली. "पयल्या दिवशी तिथल्या गावच्या विहिरीवर पाण्याला गेल्ता. इथल्या सवयीनं लांब उभा राह्यला, कोनीतरी वरून वतील म्हणून. घंटाभर! मंग एक म्हातारी खेकसली आन् दोरच कोंबला त्याच्या हातात. पयली बादली वर आली, तर ह्यो पाणी प्यायचं सोडून नुस्ता बघत राह्यला."

"हे कधीच नाही सांगितलं तुम्ही!"

"कसं सांगू? शिपाई कशाला जाईल पाण्याला?"

आबा उठले. "पक्कड आन."

"द्या, मी काढते."

"खिळे म्या ठोकलेत. म्याच काढीन."

चारही खिळे निघाले. पुठ्ठा बाजूला झाला. बाह्या दुमडलेला सटवाजी, एका हातात दोर, दुसऱ्यात बादली. पायाशी सांडलेलं पाणी.

"लिही. स्वयंपाकी. आन् विहिरीचं समदं लिही, बराबर."

साक्षीने लॅपटॉप मांडीवर घेतला. "म्हातारीचं नाव?"

"बापालाच ठाऊक नव्हतं."

तिने लिहिलं, नाव माहीत नाही. "आणि आबा, घंटाभर म्हणजे नक्की एक तास?"

"त्याच्यापाशी काय घड्याळ होतं का गं?"

साक्षीने 'एक तास' खोडलं आणि लिहिलं, बराच वेळ.